सनद आणि उमेदवारी : पेण-रोह्याच्या वकिलीकडे एक दृष्टिक्षेप

मंडळाच्या गुणगौरव समारंभात अलीकडे कायद्याच्या पदवीधरांची एक-दोन नावे तरी असतात, ही आपणा सर्वांस अभिमानाची गोष्ट आहे. शाल-श्रीफळ घेऊन ही मुलेमुली व्यासपीठावरून खाली उतरतात आणि मग त्यांच्या आयुष्यातील खरा कठीण काळ सुरू होतो. पदवी मिळाली, सनद हाती आली, अंगावर काळा कोट चढला. परंतु न्यायाधीशापुढे उभे कसे राहावे, साक्षीदारास काय विचारावे आणि काय विचारू नये, हे कोणत्याही प्रश्नपत्रिकेत आलेले नसते. ते शिकण्यासाठी एखाद्या जाणत्या वकिलाच्या हाताखाली काही वर्षे काढावी लागतात. या काळास आपल्याकडे पूर्वीपासून ‘उमेदवारी’ असे सार्थ नाव आहे. ज्याच्यापाशी उमेद आहे तो उमेदवार. मात्र उमेदीने पोट भरत नाही, आणि आमच्या या लेखाचे कारणही तेच आहे.

आम्ही कायदेपंडित नव्हे. मॅट्रिक होऊन शिक्षकी पेशा पत्करला व त्यातच आयुष्य गेले. तथापि, आमच्या हाताखालून गेलेल्यांपैकी काही विद्यार्थी पुढे वकील झाले, आणि काहींनी वर्ष-दीड वर्षात काळा कोट खुंटीस टांगून कारखान्यात अथवा पतपेढीत नोकरी धरली. ही दुसऱ्या प्रकारची मुले बुद्धीने उणी होती असे मुळीच नाही. त्यांच्या घरी वाट पाहण्याची ऐपत नव्हती, एवढेच. म्हणून, या धंद्यात नवख्या माणसाचा प्रवेश पूर्वी कसा होत असे आणि त्याच्या उमेदवारीचा भार कोण वाहत असे, याचा इतिहास आपल्या वाचकांपुढे ठेवावा असे मनात आले.

सनदेचा आरंभ

पेशवाईचा अस्त १८१८ साली झाला आणि पेण व रोहे हा मुलूख इंग्रजांच्या अमलाखाली आला. अलिबागकडील आंग्रे यांचे संस्थान १८४० साली खालसा झाले. पुढे १८६९ साली कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा झाला. (त्याचे ‘रायगड’ असे नामांतर १९८१ साली झाले, हे वाचकांस ठाऊक आहेच.) मुंबई इलाख्यात एल्फिन्स्टनच्या कारकीर्दीत १८२७ साली जे कायदे एकत्र करण्यात आले, त्यांत दिवाणी न्यायालयांची व त्यांत काम चालविणाऱ्या वकिलांची व्यवस्था लावलेली होती. वकिली ही तेव्हापासून सरकारी सनदेची गोष्ट झाली. १८४६ च्या पहिल्या कायद्याने, योग्यतेचा दाखला असलेल्या कोणत्याही धर्माच्या वा राष्ट्राच्या मनुष्यास वकिलीचे दार उघडले. आपल्या समाजातील लिहित्या-वाचत्या घराण्यांस हे दार कोणत्या क्षणी खुले झाले, हे त्यावरून ध्यानात यावे.

कायद्याचे पद्धतशीर शिक्षण मुंबईत १८५५ च्या सुमारास सुरू झाले, १८५७ साली विद्यापीठ स्थापन झाले आणि १८६२ साली हायकोर्ट. विश्वनाथ नारायण मंडलिक हे कोकणातील मुरुडचे. सरकारी नोकरी सोडून ते वकिलीकडे वळले आणि हायकोर्टात सरकारी वकिलाच्या पदापर्यंत पोचले. काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे अवघ्या बाविसाव्या वर्षी, १८७२ साली, हायकोर्टाच्या मूळ शाखेत अ‍ॅडव्होकेट झाले. ज्या ठिकाणी आजवर विलायतेहून आलेल्या बॅरिस्टरांचा दरारा होता, तेथे या मराठी तरुणाने आपल्या व्यासंगावर जागा मिळविली.

परंतु तालुक्याच्या गावी काम करणारे वकील बहुधा या उंचीचे नसत. सनदांत पायऱ्या होत्या. हायकोर्ट प्लीडर वरच्या पायरीवर, डिस्ट्रिक्ट प्लीडर त्याखाली. डिस्ट्रिक्ट प्लीडरची परीक्षा देऊन अनेकांनी तालुक्याच्या कोर्टात आपले बस्तान बसविले. लोकमान्य टिळकांनी १८७९ साली कायद्याची पदवी घेतली, पण वकिली केली नाही. मात्र या प्लीडरच्या परीक्षांसाठी पुण्यात त्यांनी कायद्याचा वर्ग काही वर्षे चालविला आणि त्यावर आपला चरितार्थ केला, ही गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात नसते.

तालुक्याच्या गावची उमेदवारी

पेण आणि रोहे येथील दाव्यांचे स्वरूप त्या मातीतूनच आलेले असे. पेणच्या बाजूस खाडीकाठची खारजमीन व मिठागरे. बांध फुटला, खारे पाणी शेतात शिरले, की दुरुस्तीचा भार कोणावर, हा वाद. रोह्याच्या बाजूस कुंडलिकेच्या खोऱ्यातील भातशेती, डोंगरउतारावरील वरकस जमीन, खोत आणि कुळे यांचे तंटे. याखेरीज गहाणखते, वाटण्या, वहिवाटीच्या वाटा व विहिरी. मुंबईच्या कोर्टात लाखांचा दावा लढविणाऱ्या बॅरिस्टरास या गोष्टी पुस्तकातून समजून घ्याव्या लागत. येथील उमेदवारास त्या पायाखालच्या जमिनीइतक्या परिचित असणे भाग होते.

उमेदवाराचा दिवस कसा जात असे, ते जुन्या मंडळींकडून ऐकलेले येथे नमूद करतो. सकाळी वकीलसाहेबांच्या पडवीत पक्षकार जमण्यापूर्वी हजर राहावयाचे. त्या दिवशीच्या कामांची दप्तरे क्रमवार लावावयाची. पक्षकाराने आणलेले कागद वाचून त्यांची टिपणे काढावयाची. हे कागद पुष्कळदा मोडीत असत. त्यामुळे मोडी न वाचता येणारा उमेदवार लंगडाच समजला जाई. मग कोर्टात जाऊन स्टॅम्प लावणे, वकालतनामा दाखल करणे, नकलांचे अर्ज देणे, रोजनामा पाहणे, बेलिफाकडे समन्स पोचले की नाही याची चौकशी करणे. मुदत मागण्याचा अर्ज घेऊन न्यायाधीशापुढे उभे राहणे ही त्याची पहिली ‘वकिली’. पुढे कधी तरी एखाद्या साध्या साक्षीदाराची सरतपासणी त्याच्याकडे येई; उलटतपासणी मात्र फार उशिरा. या सर्वांत त्याचा खरा गुरू पुष्कळदा वकीलसाहेबांचा कारकून असे. कोणता अर्ज कोणत्या नमुन्यात, किती कोर्ट-फी, कोणत्या मुदतीत, हे त्याच्याइतके पदवीधरासही ठाऊक नसे. शहाणा उमेदवार कारकुनाशी आदराने वागे. गर्विष्ठ उमेदवार दोन महिन्यांत फजीत होई.

या कामाबद्दल वेतन असे नसे. कोणी सणासुदीस काही हाती ठेवी, कोणी जेवणाची सोय करी. भार खरोखर वाहिला तो एकत्र कुटुंबाने. घरचे भात होते, थोरला भाऊ मिळवीत होता, बायको सासरच्या मोठ्या घरात सामावून जात होती. म्हणून एक मुलगा दोन-तीन वर्षे बिनपगारी राहिला तरी चूल विझत नसे. ज्यांच्या घरी भाताची कणगी नव्हती, त्यांस सनद परवडतच नव्हती, हेही त्याच इतिहासाचे दुसरे अंग आहे व ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

वकिलाच्या घरातील वातावरणाचा मुलांवर कसा परिणाम होतो, याचे रोह्यास सर्वपरिचित उदाहरण आहे. चिंतामणराव देशमुख यांचा जन्म १८९६ साली महाडजवळील नाते येथे झाला. त्यांचे वडील द्वारकानाथ गणेश देशमुख हे वकील होते आणि चिंतामणरावांचे बालपण रोह्यात गेले. १९१२ साली मॅट्रिकला पहिले, पुढे १९१८ साली आय. सी. एस. परीक्षेत पहिले, रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर, देशाचे अर्थमंत्रिपद आणि १९५२ साली आपल्या कुलाब्यातूनच लोकसभेवर निवड, हा क्रम शाळकरी मुलांसही पाठ आहे. दप्तर नीट लावणारा, कागद वाचून मगच बोलणारा बाप घरात असणे हे त्या मोठेपणाच्या पायातील एक दगड असावे, असे आम्हांस वाटते.

मोठ्यांचे पहिले दिवस

आजच्या उमेदवारांनी धीर सोडू नये म्हणून मोठ्या माणसांच्या आरंभीच्या दिवसांचे स्मरण करणे उपयोगाचे होईल.

गांधीजी १८९१ साली बॅरिस्टर होऊन आले. मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात पहिल्याच कामात उलटतपासणीस उभे राहिले आणि त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. फी परत करून त्यांनी ते काम दुसऱ्या वकिलाकडे सोपविले. पुढे राजकोटास अर्ज लिहून देण्याचे काम करीत राहिले. १८९३ साली ते दक्षिण आफ्रिकेस गेले तेही स्वतंत्र वकील म्हणून नव्हे, तर एका व्यापारी पेढीच्या मोठ्या वकिलांस साह्य करण्यासाठी. खटला हिशेबाचा होता आणि बॅरिस्टरसाहेबांस जमाखर्च कळत नव्हता. त्यांनी जमाखर्चाचे पुस्तक विकत घेऊन तो विषय मुळापासून शिकून काढला आणि अखेर दोन्ही पक्षांत तडजोड घडवून आणली. कोर्टात ज्यांचे पाय कापले, त्यांस साहाय्यकाच्या कामात आपले बळ सापडले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची गोष्ट आपल्या जिल्ह्याशी अधिक निगडित आहे. ‘ग्रेज इन’मधून बॅरिस्टर होऊन १९२३ साली त्यांनी मुंबईत वकिली सुरू केली. सनदेसाठी लागणारे पैसे नवल भथेना या मित्राच्या साह्याने उभे राहिले. एवढ्या विद्वत्तेच्या माणसाकडे त्यांच्या जातीमुळे बडे पक्षकार फिरकत नव्हते. चरितार्थासाठी त्यांनी एका खासगी संस्थेत व्यापारी कायदा शिकविण्याचे काम पत्करले. अशा स्थितीत १९२७ साली महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्याच वर्षी डिसेंबरात तळ्यासंबंधी दावा महाडच्या दिवाणी कोर्टात दाखल करण्यात आला. १९३१ साली तेथे निकाल अस्पृश्य मानलेल्या वर्गाच्या बाजूने लागला. १९३३ साली ठाण्याच्या न्यायालयाने अपील फेटाळले. आणि १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टाने तोच निकाल कायम केला. स्पृश्यांचा अनादिकालापासूनचा हक्क पुराव्याने सिद्ध होत नाही, असे न्यायालयाने ठरविले.

या खटल्याकडे आम्ही मुद्दाम उमेदवारांचे लक्ष वेधतो. तळ्याच्या काठी जे घडले ते इतिहासाने नोंदविले आहे. परंतु त्यानंतर जवळजवळ दहा वर्षे तालुक्याच्या कोर्टापासून हायकोर्टापर्यंत जे कागद, जबान्या व वहिवाटीचे पुरावे तपासले गेले, त्यावाचून तो हक्क कायद्यात उतरला नसता. रूढी जुनी आहे असे म्हणणे सोपे. ती कधीपासूनची, हे सिद्ध करणे कठीण. नवख्या वकिलास कंटाळवाणे वाटणारे दप्तरकाम कोणत्या प्रसंगी किती माणसांच्या जगण्याचा निर्णय करील, हे आपल्याच जिल्ह्याने देशास दाखवून दिले आहे.

मुंबईच्या हायकोर्टात ज्येष्ठ-कनिष्ठांची परंपरा अधिक बांधीव होती. मोतीलाल सेटलवाड हे भुलाभाई देसाई यांच्या हाताखाली तयार झाले आणि पुढे भारताचे पहिले अ‍ॅटर्नी जनरल झाले. सर जमशेटजी कांगा यांच्या कचेरीतून सीरवाई, पालखीवाला, नरिमन अशी रत्ने निघाली. एका चांगल्या ज्येष्ठाच्या खोलीत किती पिढ्या घडतात, याचे याहून मोठे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

स्त्रियांस मात्र उमेदवारी मिळण्याआधी दारच मिळवावे लागले. नाशिकास जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ साली ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली; परंतु स्त्रियांस वकिलीचा हक्क देणारा कायदा होण्यास १९२३ साल उजाडावे लागले. त्यानंतर मिठन टाटा (लाम) यांनी मुंबई हायकोर्टात काम सुरू केले. आज आपल्या कन्या सनद घेतात, त्यामागे ही एकतीस वर्षांची प्रतीक्षा आहे.

बदललेले कायदे, बदललेले काम

स्वराज्यानंतर तालुक्याच्या वकिलीचे रूप पालटले. चरी येथील शेतकऱ्यांचा १९३३ पासून चाललेला दीर्घ संप हा आपल्या जिल्ह्यातील कुळांच्या जागृतीचा टप्पा होय. १९३९ साली पहिला कुळकायदा आला, १९४८ साली दुसरा. खोती नष्ट करणारा कायदा १९४९ चा. आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले. कुळांचे प्रश्न दिवाणी कोर्टातून निघून मामलेदार व शेतजमीन न्यायाधिकरण यांच्याकडे गेले. ज्या जुन्या वकिलांचा संसार खोतांच्या दाव्यांवर चालत होता, त्यांस नव्या कायद्याचा अभ्यास करणे प्राप्त झाले; आणि ज्या तरुणांनी तो आधी केला, त्यांचा जम लवकर बसला. नवा कायदा हा नेहमी उमेदवाराचा मित्र असतो, कारण त्या दिवशी ज्येष्ठ आणि कनिष्ठ दोघेही एकाच पानावर असतात.

पुढे रोह्याजवळ धाटाव येथे औद्योगिक वसाहत आली, नागोठण्यास मोठा कारखाना उभा राहिला, १९८६ साली रेल्वे रोह्यापर्यंत आली आणि १९९८ साली तेथून पुढे कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली. भूसंपादन, मोबदला, कामगारांचे प्रश्न आणि प्रदूषण ही कामे वाढली. पेण तालुक्यातील बावीस गावांत सप्टेंबर २००८ मध्ये विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन देण्याबाबत जनमत घेण्यात आले, ही देशात दुर्मीळ अशी घटना. अशा वेळी सातबारा, फेरफार व नोटिशीची मुदत समजावून सांगणारा गावचा वकील किती मोलाचा असतो, हे शेतकरीच जाणे.

सनदेच्या पायऱ्या १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स कायद्याने गेल्या व सर्व वकील एका वर्गाचे झाले. मूळ कायद्यात सनदेपूर्वी प्रशिक्षणाची तरतूद होती. १९७३ च्या दुरुस्तीने ती वगळण्यात आली. १९९५ साली बार कौन्सिलने एक वर्षाचे प्रशिक्षण पुन्हा आवश्यक केले, परंतु तसा अधिकार कौन्सिलास नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली ते नियम रद्द केले. त्यानंतर अखिल भारतीय वकील परीक्षा आली, तिची पहिली फेरी २०११ साली झाली. म्हणजे परीक्षा आहे, पण उमेदवारीची जबाबदारी कायद्याने कोणावरही नाही.

अलीकडच्या तीन गोष्टी मात्र प्रत्येक पालकाने जाणून घ्याव्यात. पहिली : ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, सनदेसाठी कायद्यात सांगितलेल्या फीपेक्षा, म्हणजे सर्वसाधारण उमेदवारास ७५० व अनुसूचित जाती-जमातींस १२५ रुपयांपेक्षा, अधिक रक्कम राज्य बार कौन्सिलांनी घेऊ नये. दुसरी : ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने कनिष्ठ वकिलास शहरात दरमहा किमान २०,००० व ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे, अशी शिफारस केली. ही शिफारस आहे, सक्ती नव्हे. तिसरी : २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तरावरील न्यायाधीशाच्या परीक्षेस बसण्यासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट, जी २००२ साली काढण्यात आली होती, ती पुन्हा घातली.

या तिसऱ्या निर्णयाचा अर्थ नीट पाहा. अनुभवावाचून न्यायासनावर बसू नये, हे तत्त्व आम्हांस मान्यच आहे. परंतु जी मुले पदवीनंतर लगेच परीक्षा देऊन न्यायाधीश होण्याची आशा धरीत होती, त्यांस आता तीन वर्षे उमेदवारीत काढणे भाग आहे. ज्याच्या घरी ही तीन वर्षे सोसवतील तोच उद्या वकीलही होईल आणि न्यायाधीशही. शंभर वर्षांपूर्वी भाताच्या कणगीने जी निवड केली, तीच आज शहरातील भाड्याच्या खोलीचे दरमहा भाडे करणार काय?

आपण काय करावे

एकत्र कुटुंब आता उरले नाही. मग त्याचे काम कोणी करावे? आमच्या अल्पमतीप्रमाणे हे काम ज्ञातिसंस्थांनी उचलण्याजोगे आहे. आपण दहावी-बारावीच्या गुणवंतांस बक्षिसे देतो, परदेशी शिक्षणास कर्जाऊ रक्कम देतो. परंतु पदवी व मिळकत यांच्या मधल्या या दरीवर आपण एक फळीही टाकलेली नाही.

आमच्या सूचना थोडक्यात अशा. एक : सनद घेतल्यापासून तीन वर्षेपर्यंत, गरजू उमेदवारास दरमहा ठराविक साह्य मिळेल असा निधी उभारावा, जम बसल्यावर त्याने ते फेडून पुढच्यास द्यावे. दोन : आपल्यातील प्रस्थापित वकिलांनी आपल्या मुलाभाच्यांखेरीज निदान एक परका उमेदवार, आणि विशेषतः एक मुलगी, आपल्या कचेरीत घ्यावी, तिच्या बसण्याची स्वतंत्र सोय आणि उशीर झाल्यास परतीची व्यवस्था यांकडे लक्ष द्यावे. तीन : निवृत्त वकिलांच्या घरी धूळ खात पडलेले ग्रंथ मंडळाच्या वाचनालयात जमा करावेत. चार : मोडी जाणणारी जी थोडी वृद्ध मंडळी हयात आहेत, त्यांच्याकडून नव्या वकिलांसाठी सुटीतील वर्ग चालवावेत, जुन्या जमिनींच्या वादात ही विद्या अद्याप कामास येते. अलिबागेस कायद्याचे महाविद्यालय झाल्यापासून घरी राहून शिकणारी मुले आहेत; त्यांस हे वर्ग सोयीचे पडतील.

उमेदवारांस दोन शब्द. कारकुनाशी नम्रतेने वागा. मुदतीचा अर्जही नीट अक्षरात लिहा. ज्येष्ठ रागावले तर दप्तर पुन्हा वाचा. बहुतेक वेळा चूक त्यातच सापडते. आणि एक गोष्ट विसरू नका : मंडळाने तुम्हांस हात दिला तरी तुमच्या पडवीत येणाऱ्या पक्षकाराची जात विचारू नका. महाडच्या तळ्याचा निकाल ज्या जिल्ह्यातून हायकोर्टापर्यंत गेला, त्या जिल्ह्याच्या वकिलास दुसरा धर्म नाही.

पालकांस एवढीच विनंती की, मुलगा वा मुलगी पहिल्या वर्षी काही मिळवीत नाही म्हणून त्यांस चारचौघांत हिणवू नये. भातलावणी केल्याबरोबर कोणी विळा घेऊन शेतात जात नाही. पण रोप तगेपर्यंत बांध धरून ठेवावा लागतो, हे खाडीकाठच्या आपल्या लोकांस सांगावयास नको. तो बांध घालण्याचे काम येत्या वार्षिक सभेत मंडळाने हाती घ्यावे, ही आमची प्रार्थना आहे.